दोनशे अकरा

दोनशे अकरा मतांनी हरलो.
बुधवारी सकाळी डुलुथवर बर्फ उतरलं
आणि अंगणाअंगणात रोझलिन हाउगेनचं नाव
तारेच्या दोन पायांवर अजून उभं,
जणू तिला कुणी कळवलंच नव्हतं.

आम्ही सात जण पाट्या उपटत फिरलो.
जमीन गोठायच्या आत काढल्या नाहीत
तर एप्रिलपर्यंत निघत नाहीत,
हे मागच्या पराभवात शिकलो होतो.
मागच्या पराभवात एवढंच शिकलो होतो.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात बैठक.
कॉफी पातळ, आरोप दाट.
एक म्हणाला, आपण फार डावीकडे गेलो.
दुसरा म्हणाला, गेलोच कुठे?
तिसरीनं पत्रकातल्या एका शब्दावर चाळीस मिनिटं घेतली.
शब्द माझा होता,
म्हणून मीही वीस घेतली.
सव्वानऊला ठराव झाला : कारणमीमांसा समिती.
सभासद पाच, गट तीन,
अहवाल मार्चमध्ये.
खुर्च्या मिटायला थांबलेला टोइवो
घड्याळाकडे बघत नव्हता, हा त्याचा सभ्यपणा.
जाताना मी विचारलं, तुम्ही कुणाला दिलंत?
म्हणाला, मंगळवारी माझी दुहेरी पाळी असते.
बावीस वर्षं असते.

पाट्या माझ्या गाडीत.
त्या घेऊन नवव्या रस्त्यावरच्या विटकरी इमारतीत गेलो,
तिथल्या जिन्यात दोन राहिल्या होत्या.
आर्विड कोस्किनेननं दार उघडलं, अंगात ओव्हरकोट.
‘पुन्हा तुम्ही? निवडणूक झाली ना?’
झाली.
‘हरलात.’
हरलो.
‘मग?’

या ‘मग’साठी आमच्याकडे पत्रक नव्हतं.

आत त्याच्या बोलण्याची वाफ दिसत होती.
बॉयलर बंद, एकोणीस दिवस.
बत्तीस बिऱ्हाडं, मालक ॲरिझोनात, उन्हात.
ऑक्टोबरात मी याच उंबऱ्यावर उभा होतो.
माझ्या यादीत त्याच्या नावापुढे मीच लिहिलं होतं :
वय एकोणऐंशी, कल अनिश्चित, पुन्हा भेटणे.
तेव्हाही तो ओव्हरकोटातच असणार.
यादीत त्याला रकाना नव्हता.

खिडकीची काच तडकलेली.
मी गाडीतून पाटी आणली, चौकटीत ठोकली.
रोझलिन आत तोंड करून हसत राहिली.
सगळ्या प्रचारात तिनं
एवढा वारा अडवला नव्हता.
दुसऱ्या खिडकीला दुसरी. मग शेजारच्या घरी चार.

तिसऱ्या मजल्यावर लोरेटा डेफो,
कपडे धुण्याच्या खोलीची किल्ली तिच्याकडे.
म्हणाली, मी त्या दुसऱ्याला मत दिलं, आधीच सांगते.
मी तोंड उघडलं.
मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मिटलं.
‘बैठक इथंच. ड्रायर अडतीस मिनिटं फिरतो,
तेवढ्यात उरकायचं. उभ्यानं.’

एकोणीस जण आले. कोण कुठल्या पक्षाचं
ते मला माहीत होतं, घरी यादी होती,
पण त्या खोलीत ती कशाला लागणार?
भाडं वेगळ्या खात्यात ठेवायचं का,
सोमालियातून आलेल्या फर्दोसाला कुणी वाचून दाखवायचं,
आर्विडच्या पायऱ्या कोण झाडणार,
आणि मालकाला फोन कोण करणार
(सगळे, आळीपाळीनं, दर अर्ध्या तासानं,
त्याच्या जेवणाच्या वेळी तर नक्कीच).
क्रांती हा शब्द कुणी काढला नाही.
माझ्या जिभेवर होता. गिळला.
गरम होता, त्या थंडीत बरा वाटला.

सत्तावीस सह्या झाल्या. पाच जण घाबरले,
त्यांच्याकडे आर्विड स्वतः जाणार म्हणाला,
मला नको म्हणाला, ‘तुम्ही फार समजावता.’

बॉयलर? अजून खोकतोय.
दोन मजले कोमट, दोन नाहीत.
पुढल्या वेळी दोनशे बारा मिळतील की नाही,
ते समितीला विचारा.

ड्रायर टिण्ण करून थांबला.
माझं एक वाक्य अर्धंच राहिलं होतं.
लोरेटानं ऊन ऊन टॉवेलांचा ढीग
माझ्या हातात दिला :
‘राहिलं असेल ते
घड्या घालता घालता बोला.’